न झालेल्या काळातले कपडे

सुनेने जेवणाच्या टेबलावर एक कागद ठेवला आणि म्हणाली, "आई, मला स्टीमपंकचे कपडे करायचेत."

मला ऐकू आलं स्टीमपंप. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत वाफेच्या प्रेसवर काम करते. मला वाटलं, आता हिला प्रेसवरून काढून पंपावर घालतायत. मी म्हटलं, "पंपावर कशाला जातेस? पंप म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे दिवसभर ओले पाय. प्रेसवरच बरी आहेस."

ती हसली. तोंडावर हात धरून, खांदे हलवत. तिला असं हसताना बघून मला तीन वर्षं झाली होती, म्हणून मी चष्मा लावला आणि कागद पुढे ओढला.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पाण्याच्या जुन्या पंपघरातलं वाफेचं इंजिन एक दिवस चालू करणार होते. हौशी लोक तिथे खास कपडे घालून जमणार होते. कसले कपडे, ते मात्र कागदावरच्या चित्रावरून मला काही उमगेना. उंच टोपीवर चष्मा चढवलेला एक माणूस, कमरेला पट्टे, पट्ट्यांना बाटल्या. सर्कशीतला म्हणावा तर चेहरा फारच गंभीर.

"असं समजा," सून म्हणाली, "की विजेचे दिवे, पेट्रोलच्या गाड्या, यातलं काही आलंच नाही. सगळं जग वाफेवरच पुढे गेलं. वाफेवर उडणारी जहाजं, वाफेवर पत्रं लिहिणारी यंत्रं. त्या जगातल्या लोकांनी जसे कपडे घातले असते तसे घालायचे."

"असा काळ कधी होता?"

"नव्हता."

"मग न झालेल्या काळातले कपडे म्हण की."

"तसंच."

"मग चुकले तरी सांगणार कोण?" मी म्हटलं, आणि ती पुन्हा हसली.

आम्ही दोघी एका किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावर दोन खोल्यांत राहतो. राहत होतो, म्हणायला हवं. माझा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, शहरातली बस चालवायचा. एका सकाळी बूट घालायला स्टुलावर बसला आणि उठलाच नाही. एका बुटाची नाडी बांधलेली होती, दुसऱ्याची सुटी. सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्यांना मूल नव्हतं. तिचे आईवडील आधीच गेलेले. माणसं भेटायला आली, गेली. मग एका सोमवारी ती कामावर गेली, संध्याकाळी परत आली, मी सूप गरम करून ठेवलं होतं, तिने भांडी घासली. तू राहणार का, मी राहू का, असं कोणीच कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि दोघींच्याही अंगात तेवढं बळ नव्हतं.

मी स्वतः बेचाळीस वर्षं खुर्च्या-सोफ्यांना कापड चढवायचं काम केलं. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्च्या, थिएटरातल्या खुर्च्या, बसच्या सीटा. वाकडी सुई, सुतळी, पितळी खिळे, चुंबकी हातोडी, यांच्यावर माझा हात बसलेला आहे. हल्ली अंगठे दुखतात, पण नजर अजून शाबूत आहे. घरात माझं मशीन आहे, ते चामडंसुद्धा शिवतं. त्यामुळे कपड्यांचं नाव निघालं की माझे हात शिवशिवायला लागतात, मग ते कुठल्याही काळातले असोत.

पहिला प्रयत्न तिने माझ्या मदतीशिवाय केला. शनिवारी बाजारात गेली आणि पिशवीभर वस्तू घेऊन आली. प्लॅस्टिकचा चष्मा, पुठ्ठ्याची टोपी, आणि सोनेरी रंगाच्या दातेरी चाकांचं एक पाकीट. दुपारभर खोलीचं दार लावून चिकटवाचिकटवी चालली होती. मग दार उघडून उभी राहिली. टोपीवर चाकं, खांद्यावर चाकं, बुटांवर चाकं.

"कशी दिसते?"

खोटं बोलावं असं मनात आलं होतं. पण जीभ ऐकत नाही. "घड्याळाच्या दुकानात भूकंप झाल्यासारखी," मी म्हटलं.

तिने आरशात बघितलं. एक चाक तेवढ्यात कानाजवळून निसटून खाली पडलं आणि पलंगाखाली गेलं. "खरंच की हो," ती म्हणाली आणि मटकन बसली. "मला सांगितलं होतं त्यांनी, चाकं चिकटवत सुटू नका म्हणून."

"कोणी?"

"कामावरचे एक जण आहेत, बॉयलर सांभाळतात. दर वर्षी जातात तिथे. त्यांनी नवशिक्यांसाठी म्हणून मला दोन-तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मीच घाई केली."

एक जण आहेत! माझे कान टवकारले गेले. पण मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि एवढंच विचारलं, "काय सांगितलं होतं?"

पहिलं म्हणजे बाजारात जायच्या आधी आपलं कपाट उघडायचं. दुसरं, त्या जगात आपण कोण आहोत, पोटापाण्यासाठी काय करतो, ते ठरवायचं. कपडे आपोआप सुचतात. आणि तिसरं, दातेरी चाक लावलंच तर त्याने काहीतरी फिरवलं पाहिजे.

मला तो माणूस न बघताच थोडासा पटला. माझ्या धंद्यातही हेच. सोफ्याला उगाच बटणं लावणारा कारागीर मला कधी आवडला नाही. बटण आतल्या सुतळीला धरून ठेवतं, म्हणून ते असतं.

"मग तू कोण आहेस तिथे?" मी विचारलं.

"हवाई जहाजाची कप्तान," ती म्हणाली.

"तू? बल्ब बदलायला स्टुलावर चढलीस तर मला तुझे पाय धरावे लागतात."

"मग काय होऊ?"

"जे आहेस ते. जहाजावर माणसं असणार, माणसांना कपडे असणार. कप्तान काय चुरगळलेल्या कॉलरीने जहाज उडवणार? वाफ तर तिथे हवी तेवढी. तू जहाजावरची मुख्य इस्त्रीवाली."

ती उठली. मग तिने कपाट उघडलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस आमच्या घरात कोणीतरी नवीन राहायला आल्यासारखे गेले. ती संध्याकाळी पाचला यायची, चहा घेतला की टेबल रिकामं करायचं आणि दिवा खाली ओढायचा. तिचा एक लांब तपकिरी घागरा होता, तो मी एका बाजूने चुण्या घालून गुडघ्यापर्यंत उचलला. चुण्या धरायला आतून फीत लावली, म्हणजे हवं तेव्हा सोडता येईल. उंच कॉलरचा पांढरा शर्ट मिळाला, पण तो कागदासारखा पांढरा होता. न झालेल्या काळात एवढं पांढरं कुठून येणार? तो चहाच्या पाण्यात बुडवायचा ठरला. बादलीत शर्ट दाबताना ती म्हणाली, "आई, आयुष्य गेलं माझं डाग काढण्यात. आणि आज मुद्दाम पाडतेय." तिला त्याची इतकी मजा वाटली की कोपरापर्यंत हात तपकिरी करून घेतले.

एका थिएटरच्या खुर्च्यांचं उरलेलं जाड फुलाफुलांचं कापड माझ्याकडे होतं, गडद मधाच्या रंगाचं. त्याचं जाकीट करायचं ठरलं, पाठीवर नाडीने आवळायचं. ताडपत्रीच्या भोकांना पितळी डोळे, म्हणजे गोल कड्या, ठोकायचा माझा जुना ठसा शोधून काढला. तिने डोळे धरायचे, मी हातोडी मारायची. पहिल्या रात्री डोळे वाकडेतिकडे बसले, दुसऱ्या रात्री सरळ रेषेत आले. खालून किल्लीवाल्याने छताला काठी मारून विचारलं, "जहाज बांधताय की काय?" सून ओरडली, "हो!"

इस्त्रीवालीला कमरेचा पट्टा हवाच. एका बाजूला पाणी मारायची बाटली. ती होती साधी प्लॅस्टिकची, पण तांब्याचा रंग दिला, वर काळं बूटपॉलिश चोळून लगेच पुसलं, आणि बघता बघता ती शंभर वर्षं वापरल्यासारखी झाली. दुसऱ्या बाजूला खडू, टाचण्यांची उशी. आणि तिची ती दातेरी चाकं! फेकून द्यायची माझी तयारी नव्हती. अंडी फेटायचं मोडकं हातयंत्र होतं, त्याची दोन खरी चाकं काढली, एका लाकडी फिरकीला जोडली. दांडी फिरवली की फिरकीवर दोरा गुंडाळला जायचा. आमचं चाक काहीतरी फिरवत होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी घरातला होता नव्हता तेवढा दोरा उगाचच गुंडाळून टाकला.

सगळ्यात शेवटी मी तिच्या हातांसाठी चामड्याचे पट्टे केले, मनगटापासून कोपरापर्यंत. प्रेसवर काम करणाऱ्यांच्या हातावर आतल्या बाजूला भाजल्याच्या बारीक आडव्या रेघा असतात. ती त्या लपवते, उन्हाळ्यातही लांब बाह्या घालते. माप घेताना मी त्या रेघा जवळून बघितल्या. एकवीस वर्षांच्या रेघा. दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीचं मऊ चामडं उरलेलं होतं, तेच मी आतल्या बाजूला लावलं.

आता माझ्या चुकीचं सांगते. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

शेवटच्या आठवड्याआधीचा शुक्रवार. ती कामावरून आली तेव्हा तिच्या हातात कागदात गुंडाळलेला एक चष्मा होता. वेल्डिंगचा जुना, खरा, काळ्या काचांचा, बाजूला चामड्याच्या वाट्या. "बॉयलरवाल्यांनी दिलाय," ती म्हणाली. "त्यांचा पहिला होता. म्हणाले, नवशिक्याने नवशिक्याचाच चष्मा घालावा." आणि आरशासमोर उभी राहून तिने तो कपाळावर चढवला, केस मागे घेतले, मान थोडी वळवली. तशी मान ती पूर्वी वळवायची. माझ्या मुलाची बस कोपऱ्यावर थांबायची वेळ झाली की खिडकीपाशी उभी राहून.

हातातली सुई मी उशीत खुपसली. आणि तोंडातून निघालं, "तो गेला तेव्हा तुझ्या अंगावर कामाचा कोट होता, तो आठ दिवस तू काढला नव्हतास. आता कोणासाठी एवढं नटायचंय?"

तिने आरशाकडे पाठ केली. चष्मा काढला, कागदात होता तसा गुंडाळला. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा घागरा, शर्ट, पट्टा, अर्धवट जाकीट, सगळं एका पिशवीत भरून कपाटाच्या वर ठेवलेलं होतं. टेबल पुसून लख्ख.

पाच दिवस आम्ही अगदी सभ्यपणे वागलो. "मीठ देता?" "घे." "पाऊस येईल का?" "येईल बहुतेक." दुसऱ्याच्या घरी उतरल्यासारखं. मी मनात म्हणत होते, माझं काय चुकलं? आई आहे मी त्याची. आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, अगं बये, तीन वर्षं तुझं औषध वेळेवर कोण देतंय?

गुरुवारी दुपारी मी कोट घातला आणि बस धरून हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेले. तिची पाळी मागच्या इमारतीत असते, बॉयलरची खोली पुढे अंगणात. ती मला दिसणार नव्हती, मी तिला दिसणार नव्हते. का गेले ते विचाराल तर खुर्ची घ्यायच्या आधी मी ती नेहमी उलटी करून बघते. वरचं कापड कोणालाही चांगलं लावता येतं. सांगाडा बघावा लागतो.

बॉयलरवाला पन्नाशीचा होता. डोक्यावर केस बेताचे, हात स्वच्छ, नखं कापलेली. भिंतीवर सगळ्या पान्यांची बाह्यरेषा काढलेली आणि प्रत्येक पाना आपापल्या जागी. मला हे आवडलं नाही, कारण मला काहीतरी नावडतं सापडायला हवं होतं.

मी सुनेचं नाव घेऊन म्हटलं, तिच्या घरून आलेय. त्याने घाईघाईने एक खुर्ची पुसून पुढे केली. बॉयलर असा गुरगुरत होता की स्वतःचा श्वास ऐकू येऊ नये. मी आडपडदा न ठेवता विचारलं, "लग्न झालंय?"

"हो, परवाच," तो आनंदाने म्हणाला. "झडपेला नवं पॅकिंग घातलं, आता थेंबसुद्धा गळत नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला काहीतरी गडबड झाल्याचं कळलं. त्याने डावा कान पुढे केला. "उजवा कान बॉयलरने खाल्ला. इकडून बोला."

मी इकडून बोलले. तो कानापर्यंत लाल झाला.

"झालं होतं," तो म्हणाला. "बारा वर्षं झाली, घटस्फोट झाला. भांडण नव्हतं. तुम्ही घरी आलात तरी मनाने बॉयलरवरच असता, असं ती म्हणायची. खरं होतं ते."

त्याने एक झडप किंचित फिरवली, पुन्हा होती तशी केली. "त्या चष्म्यावरून काही झालं का? आठवडाभर त्या गप्प आहेत. महिन्याभरापूर्वी प्रेसच्या खोलीत हसल्या, तर बाकीच्या बायका मशीन थांबवून बघायला लागल्या होत्या. मला वाटलं, मीच काहीतरी आगाऊपणा केला."

"तुम्ही नाही केला," मी म्हटलं.

"त्या तुमच्याबद्दल सारखं सांगतात. आमच्या आईंनी खुर्चीचं कापड चढवलं की त्यावर पंचवीस वर्षं माणूस बसतो. आमच्या आईंना खोटं बोलता येत नाही. घड्याळाच्या दुकानातला भूकंप तर अख्ख्या लाँड्रीला माहीत आहे." तो हसला. "डोळे तुमचे आणि त्यांचे अगदी सारखे आहेत. मायलेकी म्हणून कोणीही ओळखेल."

"मी तिची सासू आहे," मी म्हटलं.

"काय?"

मला वाटलं, पुन्हा चुकीच्या कानात गेलं. मी मोठ्याने म्हटलं, "सासू! माझा मुलगा तिचा नवरा होता."

त्याला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. त्याने झडपेवरचा हात काढला. मग म्हणाला, "त्यांचे पती गेले हे माहीत होतं. पण तुम्ही... त्या कधी बोलल्या नाहीत. त्या आई म्हणतात, तेवढंच."

मी उठले. बसच्या थांब्यावर कोणीतरी मला जागा दिली, बहुतेक माझा चेहरा बघून. दोन बसगाड्या मी तशाच जाऊ दिल्या.

घरी येऊन स्टुलावर चढले. या वयात चढू नये, पण चढले. पिशवी काढली आणि मशीनवर बसले. ती पाचला आली तेव्हा जाकिटाच्या कडेची शेवटची शिवण चालू होती. ती कोट न काढता दारातच उभी राहिली.

"आई, मी जाणार नाहीये तिथे."

"नको जाऊस. मापाला तरी उभी राहा. अर्धं काम मला बघवत नाही."

ती उभी राहिली. मी मागून नाडी ओवायला लागले, एक डोळा डावीकडचा, एक उजवीकडचा. समोरासमोर मला जे कधी जमलं नसतं ते पाठीशी बोलायला सोपं गेलं.

"त्या दिवशी मी बोलले ते वाईट बोलले," मी म्हटलं. "तुझ्यावर नाही ते. तू मान वळवलीस आणि मला वाटलं, बस येतेय. आणि मग आठवलं, येत नाहीये."

मी नाडी धरून थांबले.

"मी त्यांच्याबरोबर नुसता चहा प्यायलाय," ती म्हणाली. "चार वेळा."

"माहीत आहे. खोटं बोललीस तर तुझे कान लाल होतात. आत्ता नाहीयेत."

"पण मला पाचव्यांदा प्यावासा वाटतो."

"मग पी."

"तेवढं सोपं आहे का ते?" तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. "समजा काही झालंच पुढे. मग तुम्ही माझ्या कोण लागाल? मी तुमची सून, आणि त्यांची... मी कोणाला काय सांगू?"

आपल्याकडे नात्यांना शब्दांचा काय तोटा? नवऱ्याची बहीण नणंद, दिराची बायको जाऊ, बायकोच्या बहिणीचा नवरासुद्धा साडू होऊन मिरवतो. पण तिने विचारलं त्याला मला शब्द सापडेना. मी तीन डोळे ओवेपर्यंत शोधत राहिले.

"लाँड्रीत मला काय म्हणतेस?" मी शेवटी विचारलं.

"आई."

"मग तिथे खरं बोलतेस आणि घरी येऊन प्रश्न कसले विचारतेस? श्वास घे. आवळतेय."

तिने श्वास घेतला. मग वळली, आणि अर्ध्या बांधलेल्या नाडीसकट माझ्या गळ्यात पडली. टाचण्यांची उशी मध्ये होती, ती दोघींना टोचली.

रविवारी मी तिला एकटीला पाठवणार होते, पण ती ऐकेना. "नवशिक्याने एकट्याने जायचं नसतं," म्हणाली. हा नियम तिने तिथल्या तिथे बनवला असावा. माझ्यासाठी वेगळं काही शिवायला वेळ नव्हता. मी माझा कामाचा चामडी ॲप्रन घातला, खिशात हातोडी आणि वाकडी सुई टाकली. जहाजावर खुर्च्या असतीलच की.

पंपघराच्या दारापाशी तिची पाचावर धारण बसली. आत उंच टोप्या, पंख, पितळी नळ्या, एकाच्या पाठीवर तर धूर सोडणारं धुराडं. "आई, सगळे बघतायत."

"बघायलाच घातलंय. चल."

आत शिरलो तर मोराच्या पिसांची टोपी घातलेल्या एक बाई सरळ आमच्याकडे आल्या. सुनेच्या पट्ट्यावरची दांडी त्यांनी विचारून फिरवली, दोरा गुंडाळला जाताना बघून टाळ्या वाजवल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि ॲप्रनवर बोट फिरवत म्हणाल्या, "हे कसं जमवलंत हो? किती खरं वाटतंय! ही झीज, हे डाग. कोणता रंग वापरलात?"

"रंग नाही," मी म्हटलं. "बेचाळीस वर्षं."

इंजिनापाशी, लोखंडी कठड्याच्या पलीकडे बॉयलरवाला उभा होता. त्या दिवसाची वाफ त्याच्याकडे होती. अंगात लांब काळा कोट, गालावर काजळी, पण कॉलर एका बाजूने पार दुमडलेली. त्याने सुनेला बघितलं आणि हातातला पाना कुठे ठेवावा हे त्याला सुचेना.

"आपण कोण?" त्याने विचारलं. तिथे सगळे एकमेकांना असंच विचारत होते.

"जहाजावरची मुख्य इस्त्रीवाली," सून म्हणाली. आवाज आधी बारीक होता, मग नीट झाला. "कप्तानाच्या कॉलरी माझ्याकडे असतात."

"मी कप्तान नाही. खाली बॉयलरवर असतो."

"तिथल्याही असतात," ती म्हणाली. कमरेची बाटली काढली, त्याच्या कॉलरीवर पाण्याचे दोन फवारे मारले, आणि दोन बोटांत धरून ती दुमड सरळ केली. मग तळव्याने दाबली. एकवीस वर्षं रोज हजार चादरी सरळ करणारा हात, पण इतक्या सावकाश मी तो कधी बघितला नव्हता. तो माणूस श्वास धरून उभा होता, झडपेवरचा काटा बघावा तसा समोर बघत.

मी दुसरीकडे वळले. जवळच्या बाकाचं कापड कोपऱ्यात फाटलं होतं, त्यातून काथ्या बाहेर आला होता. सुई माझ्याकडे होतीच. मी बसले आणि ते शिवायला घेतलं. थोड्या वेळाने ते प्रचंड चाक फिरायला लागलं, जमीन हलकीशी थरथरली, लोक ओरडले. मी मान वर केली नाही. मला जरा डोळे पुसायचे होते.

पुढचं थोडक्यात सांगते. पाचवा चहा झाला, मग कितवा ते कोणी मोजलं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी नोंदणी करून लग्न केलं. घर तीन खोल्यांचं घेतलं. सुनेने मला विचारलं नाही की तुम्ही येणार का. कोणती खोली हवी, एवढंच विचारलं. माझ्या मुलाचा फोटो दिवाणखान्यात लावायचा खिळा बॉयलरवाल्याने ठोकला, आणि फोटो वाकडा लागला म्हणून पुन्हा काढून ठोकला.

परवा तो माझ्या खोलीच्या दारात येऊन घुटमळत उभा राहिला. या वर्षी त्याला नवा कोट हवा होता, म्हणाला, जमलं तर, अंगठे दुखत नसतील तर. स्वतःच मापं घेऊन कागदावर लिहून आणली होती. मी वाचली. त्या मापांनी कोट शिवला असता तर तो बॉयलरलाच बसला असता.

मी कागद बाजूला ठेवला, गळ्यातली टेप काढली आणि म्हटलं, "इकडे ये. हात वर कर बघू."

इतके दिवस मी त्याला अहो-जाहो करत होते. त्याने क्षणभर माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात वर केले.